'सर्वदा आनंद करा' हे ओठांवर येत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई चौदा महिन्यांपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्यासाठी तुम्हाला नोकरी सोडावी लागली. भावंडं फोनवर प्रार्थना करतात, पण प्रत्यक्ष कोणी येत नाही. उपासनेत आनंदाचं गीत सुरू झालं की तुमचा घसा दाटून येतो. आणि मागच्या प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी सुनावलं की आनंद हे आत्म्याचं फळ आहे, ते दिसत नसेल तर विश्वासात कुठेतरी खोट असणार. तुम्ही विचारता: माझा विश्वास खरंच कमी पडतोय का? हा आनंद आणायचा कुठून? आणि आईसमोर रडावं की नाही?

ताई, मी एकोणतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होतो. त्यातली अकरा वर्षं रुग्णालयात आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो: नाही. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही.

सुरुवात माझ्या एका चुकीने करतो. सेवेत येऊन दोनच वर्षं झाली होती. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका तरुण जोडप्याचं बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. मी भेटायला गेलो, बायबल उघडलं आणि प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:४ (चौथा अध्याय, चौथं वचन) वाचलं: 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.' त्या बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. नवऱ्याने मला दारापर्यंत सोडलं, आभारही मानले. वचन खरं होतं, पण मी ते दगडासारखं वापरलं होतं. तिने मला कधी काही बोलून दाखवलं नाही. माफी मागायला मी सहा वर्षं लावली.

त्यानंतर ते पत्र मी किती वेळा वाचलं असेन त्याला गणती नाही. चारच अध्याय, १०४ वचनं. आनंद आणि आनंद करणे हे शब्द त्यात सोळाच्या आसपास वेळा येतात, म्हणून त्याला आनंदाचं पत्र म्हणतात. लिहिणारा पौल बेड्यांमध्ये आहे, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या पत्रात आनंदाच्या शेजारी काय काय बसलंय, ते कोणी फारसं दाखवत नाही.

पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की काही जण केवळ त्याला तुरुंगात जास्त त्रास व्हावा म्हणून सुवार्ता सांगत सुटलेत. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत येतो. फिलिप्पैच्या लोकांनी पौलाच्या मदतीला धाडलेला हा माणूस आजारी पडून मरता मरता वाचला. पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. 'दुःखावर दुःख' हे शब्द नीट ऐका. म्हणजे एक दुःख आधीपासून होतंच, दुसऱ्याची त्यावर भर पडली असती. लगेच पुढे तो लिहितो की एपफ्रदीताला परत पाठवलं म्हणजे माझी स्वतःची चिंता कमी होईल. हा 'कशाचीही चिंता करू नका' असं त्याच पत्रात लिहिणारा माणूस! तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, हे मी रडत रडत सांगतो आहे. आणि चौथ्या अध्यायात 'सर्वदा आनंद करा' हे वाक्य येण्याच्या दोनच वचनं आधी तो युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नावं घेऊन विनवतो, एकमनाने राहा. दोघी त्याच्या बरोबरीने राबलेल्या, आता आपसात पटत नाही. मंडळीतली भांडणं आजची नाहीत.

त्या दिवशी मी बाळ गेलेल्या त्या बाईला एपफ्रदीताची गोष्ट वाचून दाखवायला हवी होती. किंवा काहीच वाचायला नको होतं.

याच चौथ्या अध्यायात, ४:११ मध्ये, पौल म्हणतो की ज्या अवस्थेत असेन तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे. सगळा भार 'शिकलो' या शब्दावर आहे. जे शिकावं लागतं ते आधी येत नसतं. पत्राचा जो काळ परंपरेने मानतात, म्हणजे इ. स. ६१-६२ च्या सुमाराचा, तो धरला तर ख्रिस्ताला ओळखून पौलाला पाव शतक उलटून गेलं होतं. तुम्ही चौदा महिन्यांचा हिशेब घेऊन स्वतःवर खटला भरू नका.

आता त्या वडीलधाऱ्या बाईंच्या बोलण्याकडे वळतो. त्यांच्या मनात वाईट नसावं. पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार त्यांनी घेतला. पण ती यादी पुरती वाचू या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ गोष्टी, आणि मूळ ग्रीक भाषेत 'फळ' हा शब्द एकवचनी आहे. नऊ वेगळी फळं नाहीत, एकाच फळाचं हे वर्णन आहे. चौदा महिने आईची कूस बदलणं, तिला भरवणं, तिचे कपडे धुणं, रात्री तीन वेळा उठणं याला तुम्ही काय म्हणाल? मी सहनशीलता म्हणेन, ममता म्हणेन, विश्वासूपणा म्हणेन. फळ झाडाला लागलेलं आहे. त्याची एक बाजू सध्या सावलीत आहे, एवढंच.

आणखी एक. हात लावून, ओढून कळीचं फळ होत नाही. ख्रिस्ती लोक आनंदाच्या बाबतीत नेमकं हेच करतात. सकाळी उठून स्वतःला चाचपतात: आज आनंद आहे का? नाही? मग माझं काहीतरी चुकतंय. हे चाचपणं बंद करा, अगदी आजपासून.

मग करायचं काय? माझा अनुभव असा की आनंदाकडे जाणारी वाट तक्रारीच्या दारातून जाते, आणि ते दार आपण मंडळीत कुलूप लावून ठेवलं आहे.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे देवापुढे मांडलेलं गाऱ्हाणं. आपल्या उपासनेत किती गातो आपण ती? तेरावं स्तोत्र घ्या. सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर माझा शत्रू माझ्यावर वरचढ राहणार. मग मागणं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ. आणि अगदी शेवटी 'मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे' आणि गाणं. आपण शेवटचं वचन भिंतीवर लावतो आणि पहिली दोन झाकून ठेवतो. दावीदाच्या नावाचं हे स्तोत्र त्या क्रमाने बांधलं आहे, त्याला कारण आहे. ज्याला 'कोठवर' म्हणता येतं तो अजून कोणाशी तरी बोलतो आहे. विश्वास संपलेला माणूस देवाशी भांडत नाही, तो उठून जातो.

शेवटी गाणं आलंच पाहिजे असंही नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा. त्यात शेवटपर्यंत वळण येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्द 'अंधार' हा आहे, आणि तिथे स्तोत्र थांबतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना त्याला एखादी उजळ ओळ जोडावीशी वाटली नाही. मरणाच्या दारात असलेल्या कितीतरी माणसांना मी हे स्तोत्र वाचून दाखवलं आहे. सुरुवातीला मला भीती वाटायची, हे ऐकून खचतील. होतं उलटं. एक गृहस्थ म्हणाले, 'हे बायबलमध्ये आहे? मग मला बोलायला हरकत नाही.' आणि ते दीड तास बोलले.

विलापगीताचं तर विचारूच नका, माझा फार जीव आहे त्या पुस्तकावर. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरची ही पाच गीतं. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचली आहेत, बावीस अक्षरं, आपल्या भाषेत अपासून ज्ञपर्यंत म्हणा. तिसऱ्या गीतात तर प्रत्येक अक्षराला तीन वचनं, एकूण ६६. दुःखाला आकार नसतो, ते कुठूनही सुरू होतं आणि कुठेही संपत नाही. कवीने त्याला अक्षरांचा आधार दिला. आणि देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे जे वचन आपण शुभेच्छापत्रांवर छापतो ते या पुस्तकात कुठे आहे? ऐन मध्यावर, ३:२२-२३ मध्ये. शेवटी नाही. त्याच्या पुढे आणखी दोन अख्खी गीतं राखेची आणि उपासमारीची आहेत, आणि पुस्तक संपतं ते 'तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस का?' या धर्तीवर. म्हणजे आशा येऊन गेली, ती खरी होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रडू आलं. तुमचंही असंच होत असेल, बहुतेकांचं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं अगदी साधं आहे. एक वही करा. रोज रात्री 'कोठवर' ने सुरू होणारी चार वाक्यं लिहा, देवाला उद्देशून. शोभेल असं लिहू नका. 'कोठवर मी तिचे अंथरूण बदलू', 'कोठवर भाऊ फोनवर आमेन म्हणणार' असं लिहा. पाचवं वाक्य, विश्वासाचं, आपणहून आलं तर लिहा. नाही आलं तर वही मिटा आणि झोपा.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा धाक बऱ्याच जणांना वाटतो, तुम्हालाही कोणीतरी दाखवेलच: परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा 'आनंदच माना'. मराठीत 'आनंद मानणं' म्हणजे आहे त्यात गोड करून घेणं, असा एक वास त्याला लागला आहे. मूळ क्रियापद हिशेबाच्या जवळचं आहे: गणा, धरा, समजा. पौल जेव्हा म्हणतो की ज्या गोष्टी मला लाभाच्या होत्या त्या मी हानी समजलो, तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो. म्हणजे याकोब तुम्हाला एखादी भावना आणायला सांगत नाही. भावना हुकमाने येत नाहीत हे त्याला कळत होतं. तो सांगतो की या दिवसांची नोंद खात्यात कुठे करायची ते ठरवा. हे दिवस वाया गेले, देवाने टाकलेले, अशी नोंद करू नका, यातून काहीतरी घडतं आहे अशी करा. डोळ्यांत पाणी असतानाही ही नोंद करता येते. हबक्कूक संदेष्ट्याने तशीच केली. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचा भरवसा नाही, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, 'तरी' मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हे सगळे उद्धृत करतात. त्याच्या लगेच आधीचं वचन मात्र वगळतात, त्यात तो म्हणतो की माझ्या पोटात धडधडतंय, ओठ थरथरताहेत, पाय लटपटताहेत. लटपटते पाय आणि 'तरी' हे एकाच माणसाचे, एकाच दमातले.

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' स्थिती'त', स्थिती'बद्दल' नाही. आईच्या पक्षाघाताबद्दल देवाचे आभार मानायची तुमच्यावर सक्ती नाही. असे आभार मानायला लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे मान डोलावून घरी येऊन देवाला कायमची पाठ दाखवणारेही पाहिले आहेत.

आता भावंडांचा विषय. तुम्ही तो एका ओळीत उरकलात, पण मला वाटतं अर्धं ओझं तिथेच आहे.

फिलिप्पैच्या तुरुंगातली ती रात्र आठवा, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गीतं गाताहेत. भूकंप होतो, दारं उघडतात. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, कारण पुढचं जरा अडचणीचं आहे. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, यांना सोडून द्या. आणि पौल जायला नकार देतो! आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारलेत, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं तो ठणकावतो. अधिकारी घाबरून येतात आणि विनवणी करतात. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस तोच आहे. आनंद म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. ज्या घरात मारहाण आहे तिथे 'आनंदाने सोस' असं सांगणाऱ्यांना तर मी स्पष्ट विरोध करत आलो. पौल स्वतः जिवावर उठलेल्यांपासून दिमिष्कातून (दमास्कस शहरातून) टोपलीत बसून निसटला होता.

तुमच्या घरात मारहाण नाही, पण भार एकीवर टाकून बाकीचे मोकळे झालेत. तेव्हा भावंडांना मोघम 'मदत करा' म्हणू नका. नेमकं सांगा: महिन्यातले अमुक चार दिवस तू येशील, औषधांचा खर्च तू देशील, रात्रीच्या सोबतीला माणूस ठेवायचे पैसे तू देशील. लेखी पाठवा. नकार आला तर तोही लेखी येऊ दे. यात राग आहे असं त्यांना वाटेल, वाटू दे. मंडळीलाही सांगा. प्रार्थनेत आठवण नको, मंगळवारी दुपारी दोन तास आईजवळ बसायला कोण येतं ते सांगा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, आणि येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला असं लिहिलं आहे. बाजेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंद नाही. काही काळ दुसऱ्यांच्या विश्वासावर आडवं पडून राहायला हरकत नसते. उपासनेतही हेच करा. गीत सुरू झालं की गाऊ नका. उभं राहवत नसेल तर बसा. बाकीचे गाताहेत ते तुमच्या वतीने गाताहेत असं समजा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी पत्नी गेली त्या वर्षी मी सात महिने स्वतःची अशी एकही प्रार्थना केली नाही. पाळक होतो, दर रविवारी वेदीपाशी उभा राहायचो, छापील प्रार्थना वाचायचो आणि घरी येऊन दिवा न लावता बसायचो. एक जुने सहकारी दर गुरुवारी यायचे, माझ्या शेजारी बसून प्रार्थना करायचे, मी फक्त आमेन म्हणायचो. कधीकधी तेही नाही. आठव्या महिन्यात एकदा शेजारचं पोर सायकल शिकताना कुंपणावर आदळलं, उठलं आणि सायकललाच रागवायला लागलं. मला हसू फुटलं, मोठ्याने. आणि लगेच असं वाटलं की मी तिच्याशी बेइमानी केली.

हे तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून सांगून ठेवतो. काळजी घेणाऱ्या माणसाला हसण्याचा फार अपराधी भाव येतो. आई आत पडलेली आणि मी हसतेय! हा अपराधी भाव बराच काळ विश्वासाच्या वेषात फिरतो, त्याला ओळखून ठेवा. आनंद आला की त्याची झडती घेऊ नका, मग तो चहाच्या कपाएवढा का असेना. संध्याकाळी त्याच वहीत, चार 'कोठवर' खाली, त्या दिवशी दिसलेली एक गोष्ट लिहा. ती नेमकी हवी. 'देवाची कृपा' असं लिहू नका. 'आईने आज डाव्या हाताची दोन बोटं हलवली' असं लिहा.

शरीराबद्दल थोडं, पण ते टाळू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे आता, माझा प्राण घे. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट तुला झेपणारी नाही म्हणून. बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुम्ही रात्री तीन वेळा उठता. इतकी झोप तुटलेल्या माणसाला आनंद जाणवत नसेल तर त्याला आत्मिक कारण शोधायची गरज नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, भूक मेली असेल, स्वतःविषयी घृणा वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा आणि त्याला बरोबर घेऊन जा. नैराश्याच्या गोळ्या घेणं आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणं यात विश्वासाच्या दृष्टीने मला काडीचाही फरक दिसत नाही. चार्ल्स स्पर्जन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे गाजलेले उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी लंडनमधल्या एका सभागृहात त्यांची सभा चालू असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. ते काही काळ पार खचले, आणि खिन्नतेचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. ते स्वतः व्यासपीठावरून हे उघड बोलत. हजारोंना ज्यांच्या तोंडून आनंदाची सुवार्ता मिळाली, त्यांचं मन असं होतं.

या सगळ्याखाली पाया काय, असं तुम्ही विचाराल. तो माझ्या वहीत किंवा भावंडांच्या वेळापत्रकात नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना सांगितलं की तुम्ही रडाल, शोक कराल, पण तुमचं दुःख आनंद होईल. दाखला दिला तो बाळंतिणीचा. दुःख जाऊन त्याच्या जागी आनंद येईल असं त्याने म्हटलं नाही, दुःखच आनंद होईल असं म्हटलं. प्रसूतीच्या कळा आणि बाळ यांचा संबंध असतो तसा. हे बोलणारा दुसऱ्या दिवशी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर ख्रिस्ती आनंद उभा आहे. हे खरं असेल तर आईची खोली ही गोष्टीचा शेवट नाही. खरं नसेल तर माझ्या सगळ्या युक्त्या वरवरच्या आहेत. मी ते खरं मानतो. काही रात्री मुठी आवळून मानतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आईसमोर रडण्याचा. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. पुढच्या काही मिनिटांत आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. गेथशेमाने बागेत त्याने तिघा मित्रांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे थांबा, जागे राहा. त्याने दुःख लपवलं नाही, सोबत मागितली. तेव्हा रडा. सगळं रडणं आईपुढे नको, तिला तुमचा आधार बनवू नका, त्यासाठी दुसरं माणूस शोधा. पण डोळे पुसून हसत आत जाण्याचा रोजचा खेळ थांबवा. तिला तो कळतो. पक्षाघाताने वाचा जाते, आईपण जात नाही.

एक करून बघा. संध्याकाळी तिचा हलणारा हात हातात घ्या आणि तेरावं स्तोत्र तिला वाचून दाखवा, अगदी सावकाश. पहिल्या 'कोठवर' पाशी थांबा. तिलाही तिथे काही म्हणायचं असेल.